दोन्ही बाणे

धामणगावात आमची पीठगिरणी होती. तिच्या इंजिनाच्या नळकांड्यावर बाबांनी पत्र्याचा एक डबा बसवला होता. इंजिन सुरू झालं की तो डबा कुक् कुक् करत राही आणि आवाज पार शिवारापर्यंत जाई. तो ऐकून बाया दळण घेऊन निघत. आमच्या घरात मात्र त्या आवाजाचा अर्थ वेगळा होता. आवाज थांबला की बाबा जेवायला येत, आणि तो थांबायच्या आत भाकरी झालेल्या पाहिजेत. त्या भाकरी माझ्या. दहाव्या वर्षापासून त्या मी थापत आले. मधूनच इंजिन कचरा अडकून बंद पडे, आणि मी भराभर थापू लागे, कारण परातीत अजून निम्मं पीठ असे. लोकांना लहानपणीचे आवाज आठवले की गोड वाटतं म्हणतात. मला त्या डब्याचा आवाज आठवला की अजून हात घाईला येतात, आणि मग राग येतो.

माझा भाऊ वसंता माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याला घरात सगळे भाऊ म्हणत, मीही. भाऊ ओसरीवर पुस्तक उघडून बसला की घर हळू बोले. त्याचं पाणी मी न्यायचं, त्याचं ताट मी उचलायचं, त्याच्या सदऱ्याची गुंडी तुटली तर मी लावायची. तो वाईट नव्हता. मुद्दाम छळ करणारा असता तर मी निदान भांडले असते. त्याला फक्त हे सगळं ऊन-पावसासारखं आपोआप होणारं वाटे. तो दोन वर्षं उशिरा शाळेत बसला होता, म्हणून मीही त्याच्याच वर्गात, सातवीला होते, आणि माझा नंबर त्याच्यापेक्षा वर असे. पण मी पुस्तक घेऊन बसले की माय स्वयंपाकघरातून विचारी, "कमले, काय करून राह्यली वं तिथं?" "वाचून राह्यली" हे उत्तर मायला उत्तर वाटतच नसे.

होळी झाली की मायचा उन्हाळा सुरू व्हायचा. गहू भिजत पडत, तीन दिवस त्याचं पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून, मोठ्या गंजात चीक शिजवायचा. तो चीक हलवायला दोघी लागत. एकीने गंज धरायचा आणि एकीने लाकडी दांड्याने घोटायचं. घामाने पाठ भिजून जाई. शेवटी वाटीत गरम चीक, वर तेल आणि साखर. तो मला इतका आवडे की सकाळभराचा राग विसरायला होई. मग खाटेवर धोतर अंथरून कुरडया घालायच्या, आणि त्या वाळेपर्यंत कावळे हाकायला बसायचं. कावळे हाकण्याचं काम मला सर्वांत प्रिय होतं, कारण आमच्या अंगणासमोरच करीमचाचा पिंजाऱ्याची पडवी होती. तिथे कापूस पिंजायची धनुकली तुईं तुईं वाजत असे, कापसाचा भुरा उडत असे, आणि त्या भुऱ्यात पांढऱ्या भुवयांची झालेली त्यांची मुलगी हसीना गाद्यांच्या खोळी शिवत बसलेली असे.

हसीना माझ्याहून वर्षभराने मोठी. चौथीनंतर तिची शाळा सुटली होती, कारण तिची आई गेली आणि खोळी शिवायला कोणी उरलं नाही. पडवीतच तिचे नाना, म्हणजे आईचे वडील, खाटेवर पडून असत. त्यांना दिसत नव्हतं, पण गोष्टी येत. जादूगारांनी बांधलेल्या नगरांच्या गोष्टी. त्या नगराला ते तिलिस्म म्हणत. आत शिरलं की भिंत दार होते, दार विहीर होतं, आणि वेश बदलून फिरणारे अय्यार पहारेकऱ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकतात. हसीना त्या गोष्टी शिवता शिवता ऐके. नुसतं ऐकून तिचं भागत नसे. ती मध्येच विचारी, "नाना, तो जादूगार मंतर विसरला त काय होईन?" नाना हसत आणि म्हणत, "वो तू सोच."

तिने सोचलं. त्यातूनच आमचा खेळ निघाला. आम्ही त्याला तिलसम म्हणत असू.

कापसाचा हंगाम संपला की जिनिंगचं आवार ओस पडे. दुपारी मोठी माणसं घरात आडवी झाली की आळीतली दहाबारा पोरं तिथे जमत. हसीना मधल्या ओट्यावर बसे आणि सांगे, "हा तिलसमचा दरवाजा. आत धुवाच धुवा हाय. कोन जाते?" जो जाई त्याला पुढे काय दिसलं हे ती सांगे, आणि त्याने काय केलं यावर पुढचं ठरे. पाळीपाळीने दोघंतिघं आतले पहारेकरी होऊन अडवत. कोणी काय करू शकतो हे त्याच्या बाण्यावर होतं. बाणा हा शब्द मी दिला. पुस्तकात क्षात्रबाणा वाचला होता. बाणे चार. तलवारवाला, त्याच्याकडे मूठ भरून चिंचोके, म्हणजे तितका दम. लागलं की एकेक चिंचोका ओट्यावर ठेवायचा, संपले की मेला. जादूगाराकडे चिमूटभरच चिंचोके, पण तीन मंत्र. वापरला तो गेला. अय्याराने चाल बदलून दाखवली तर त्याला ओळखायची कोणाला मुभा नव्हती. आणि वैदू, त्याच्या ओच्यात लिंबाचे पाले, एक पाला दिला की पडलेल्याला चिंचोके परत.

ज्याने जो बाणा घेतला तो त्याचा, मध्येच बदलायचा नाही. हा नियम बरोबरच होता, नाहीतर ज्याला मार पडेल तो लगेच जादूगार झाला असता. पण बाणे वाटताना भाऊ म्हणाला, "पोट्ट्याईनं तलवार घ्याची. पोरी वैदू." आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही चार पोरी होतो. चारही वैदू झालो. आठ दिवस मी पाले घेऊन पोरांच्या मागे पळाले. कोणी पडला की ओरडे, "ए कमले, पाला आन!" तो शब्द, ती चढी हाक मी ओळखत होते. दिवसभर घरात तीच ऐकून तर मी इथे आले होते.

नवव्या दिवशी मी ओट्यापुढे उभी राहिले आणि म्हणाले, "मले तलवार पाह्यजे."

"मंग वैदू कोन होईन?" भाऊ म्हणाला.

"मीच. मले दोनी पाह्यजे."

सगळे हसले. भाऊ म्हणाला, "असं कसं बे? उद्या मी म्हणीन मले चारी पाह्यजे." आणि खरं सांगायचं तर त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. ज्याला मारताही येतं आणि बरंही होता येतं, तो मरणार कधी? हसीनाने मान डोलावली. "रुक," ती म्हणाली, "मले पाहू दे." त्या दिवशी खेळ तिथेच मोडला. दुसऱ्या दिवशी सकाळभर मी समोरून पाहत होते. ती खोळ शिवत होती, मध्येच सुई थांबे, ती हवेत दोन्ही हात उचलून काहीतरी तोलून पाही आणि पुन्हा शिवू लागे.

दुपारी ओट्यावर बसून तिने सांगितलं. कोणालाही दोन बाणे घेता येतील, पोरगा असो का पोरगी. पण दोन्ही अर्धे. मूठभराच्या जागी अर्धी मूठ चिंचोके, पालेही अर्धेच. आणि एका खेपेला एकच काम. तलवार उचलली त्या खेपेला पाला देता येणार नाही. "दोन घेनाराले दोन रस्ते भेटतीन," ती म्हणाली, "पन दूरवर कोनताच जानार नाही. ज्याले मंजूर हाय त्यानं घ्यावं." असा बाणा घेणाऱ्याचं नाव दुबाणी.

मला मंजूर होतं. मी पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, काडी सोलून तलवार केली, ओच्यात पाले घातले आणि आत शिरले. त्या पहिल्या दुपारी माझे चिंचोके तीनदा संपत आले. अर्ध्या मुठीत लढायचं म्हणजे प्रत्येक वार करण्याआधी विचार करावा लागे, की आत्ता मारू, की मागे सरून पडलेल्याला उठवू? ते ठरवण्यात जो आनंद होता तसा मला पुढे फार थोड्या गोष्टींत मिळाला. कोणी मला सांगत नव्हतं. मीच ठरवत होते. एकदा मी पडलेल्या पोराला पाठीशी घालून भिंतीला टेकले, आणि दोघा पहारेकऱ्यांना झुंजवत ठेवून तिसऱ्या खेपेला त्याला पाला दिला. हसीना ओट्यावर उभी राहून टाळ्या वाजवत होती.

भाऊनेही दोन बाणे घेऊन पाहिले, तलवार आणि जादू. हसीनाने त्याला अर्धी मूठ चिंचोके आणि दीड मंत्र मोजून दिले. दीड मंत्र म्हणजे काय, तर दुसरा मंत्र अर्धाच लागेल. तो नेहमीसारखा छाती काढून घुसला आणि दरवाजातच मेला. मग म्हणाला, ही लबाडी आहे. मग म्हणाला, हा नियमच काढा. हसीना त्याला म्हणाली, "वसंता, तुले दोन पाह्यजे, पन पुरे पाह्यजे. असं नसते."

माझी नात पुण्यात संगणकावर असाच एक खेळ खेळते. जगातली कुठली कुठली मुलं एकमेकांना न पाहता त्यात एकत्र लढतात. मागच्या वर्षी एकदा जेवायला बसलो असताना ती उड्या मारतच आली. म्हणाली, "आजी, आता आमच्या गेममध्ये दोन क्लास एकत्र घेता येणार! योद्धा आणि हीलर दोन्ही!" मी विचारलं, "मग दोन्हींची ताकद निम्मी होते का?" ती बघतच राहिली. "तुला कसं माहीत?" मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात पलीकडे बसलेला वसंता, जो आता सत्तरी पार केलेला निवृत्त अधिकारी आहे आणि एका नातलगाच्या लग्नासाठी म्हणून आला होता, हसून म्हणाला, "अगं, हा सगळा प्रकार आम्ही तेव्हाच केला होता. मीच काढला होता तो खेळ." मी ताटावरून उठले. तो मागून म्हणाला, "कमल, काय झालं?" खरंच कळलं नव्हतं त्याला. कधीच कळलं नाही. म्हणून तर हे प्रकरण लिहायला बसले आहे.

तो हे पहिल्यांदा म्हणाला ते त्याच उन्हाळ्यात. राज्य नवं होतं आणि महाराष्ट्र दिनाचं शाळेत मोठं कौतुक असे. मैदानात मांडव पडे, तालुक्याहून पाहुणे येत. त्या वर्षी मास्तरांना लेझीम आणि कवायतीखेरीज काहीतरी वेगळं हवं होतं. जिनिंगच्या आवारात पोरं काहीतरी लढाईचं खेळतात, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी भाऊला बोलावून विचारलं, "वसंत, तुमचा तो खेळ काय आहे?" भाऊने सगळं सांगितलं. चिंचोके, बाणे, पाले, सगळं. "कोणी काढला?" मास्तरांनी विचारलं. तेव्हा भाऊ म्हणाला, "आमीच काढला." तो घरी येऊन मायला हे अभिमानाने सांगत होता, तेव्हा मी चुलीपुढे होते. मी म्हणाले, "हसीनानं काढला." भाऊ म्हणाला, "तेच म्हणतो मी. आमी म्हणजे सगळेच ना." आणि मायने त्याच्या वाटीत आणखी एक पळी वरण वाढलं.

मास्तरांनी खेळ दुरुस्त केला. तिलसम हा काय शब्द झाला, म्हणाले; त्याचं नाव गडविजय झालं. जादूगार काढला, अय्याराचा हेर झाला. दोन बाण्यांचा नियम तेवढा भाऊने मास्तरांना सांगितलाच नव्हता. मुली वैदू. आणि त्यांनी पांढरी साडी नेसून, हातात पाल्यांचं तबक घेऊन रांगेत उभं राहायचं, कोणी पडला की जाऊन एक पाला द्यायचा आणि परत रांगेत यायचं. मी मास्तरांना विचारलं, "सर, हसीनाला बोलवायचं ना? तिलाच माहीत आहे सगळं." मास्तर म्हणाले, "ती आपल्या शाळेची नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि पाहुणे यायचेत."

हे मी हसीनाला सांगितलं तेव्हा ती दात घट्ट करून दोरा तोडत होती. "खेळू दे त्याईले," एवढंच म्हणाली.

महाराष्ट्र दिनाला सगळं गाव मैदानात होतं. बाबा पुढच्या सतरंजीवर, गावातल्या मोठ्या माणसांमध्ये बसले होते. गिरणी बंद होती. आवाज नव्हता, आणि त्या शांततेत मला उगाच कासावीस वाटत होतं. कुंपणाच्या बाहेर बायांच्या घोळक्यात हसीना उभी होती, डोक्यावर ओढणी. मास्तरांनी प्रास्ताविक केलं. म्हणाले, आपल्याच शाळेचा कल्पक विद्यार्थी वसंत याने हा शौर्याचा खेळ स्वतःच्या बुद्धीने रचला आहे. टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी भाऊला जवळ बोलावून पाठ थोपटली आणि एक पेन दिलं. भाऊने वाकून नमस्कार केला. मी कुंपणाकडे पाहिलं. हसीना तिथेच होती. ती हललीसुद्धा नाही.

खेळ सुरू झाला. पोरं आपटत होती, लोक हसत होते, आम्ही रांगेत उभ्या होतो. ठरल्याप्रमाणे शेवटी भाऊने पडायचं, मी जाऊन त्याला पाला द्यायचा, त्याने उठून शेवटच्या शत्रूला मारायचं आणि झेंडा लावायचा. भाऊ पडला. मी तबक घेऊन गेले. तो पाठीवर पडून, डोळे अर्धे मिटून, ओठातल्या ओठात म्हणाला, "दे ना लवकर, कमले."

तीच हाक. घरातली.

मी तबक खाली ठेवलं. त्याच्या हाताशी पडलेली तलवार उचलली. साडीचा काचा मारला, आणि झेंड्यापुढे उभ्या असलेल्या पोरावर गेले. तो बावरला, पण लढला. आमच्याच आळीतला होता, तिलसम खेळलेला होता. दोन वार त्याचे बसले, तीन माझे. तो पडला. मग मी परत फिरले, तबकातला पाला घेतला आणि भाऊच्या छातीवर ठेवला. "ऊठ आता," मी म्हणाले. आणि मग मैदानाकडे वळून, जितक्या मोठ्याने ओरडता येईल तितक्या मोठ्याने ओरडले, "हा खेळ वसंतानं नाही काढला! हा हसीनाचा खेळ हाय! ती तिथं उभी हाय!"

आधी लोक हसले, त्यांना वाटलं हे खेळातलंच आहे. मग हसू विरलं. बाया मागे वळून हसीनाकडे पाहू लागल्या. पाहुणे मास्तरांना म्हणाले, "पोरगी तेज आहे हो," आणि ते ऐकून काही जण पुन्हा हसले. बाबांना ते हसू सोसलं नाही. ते सतरंजीवरून उठले, मैदानाच्या मध्यापर्यंत चालत आले आणि त्यांनी मला मुस्काटात मारली. सगळ्या गावासमोर. "घरी चाल," म्हणाले. भाऊ अजून खालीच बसला होता. त्याच्या खिशाला पेन होतं. "ती खरं बोलून राह्यली" एवढे चार शब्द त्याने उच्चारले असते, तर मी त्याला आयुष्यभराचं सगळं माफ केलं असतं.

घरी बाबांनी निकाल दिला. गावात नवं हायस्कूल निघालं होतं, त्यात आठवीला मी जायचं ठरत आलं होतं. ते रद्द. "बास झालं शिकनं. शिकून हेच करते त कायले पाह्यजे?" मी रडले नाही. रडले असते तर कदाचित माफी मिळाली असती. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी मायने, जी आजवर बाबांपुढे मान वर करून बोलली नव्हती, त्यांच्या ताटात भाकर टाकता टाकता म्हटलं, "पोरीले शाळेत जाऊ द्या. घरचं समदं करून जाईन. एक काम अडलं त मी जबाबदार." बाबांनी भाकर मोडली. मग म्हणाले, "समदं करून."

मी आठवीत गेले. पहाटे झाडलोट, पाणी, भाकरी, गिरणीवर बाबांचा चहा, मग शाळा, शाळेतून आलं की भांडी, धुणं, संध्याकाळचा स्वयंपाक, आणि मग अभ्यास. भाऊ फक्त शाळेत जात होता. लोक मायला म्हणत, तुमची कमल दोन्ही सांभाळते हो, शाबास. पुढे परिचारिका झाले, लग्न झालं, मुलं झाली, तेव्हाही लोक तेच म्हणत राहिले. शाबासकीच्या त्या शब्दांनी माझ्या अंगाची जितकी आग झाली तितकी बाबांच्या चापटीने झाली नव्हती.

हसीनाची मी भेट घ्यायची नाही, हा दुसरा निकाल होता. पण समोरासमोर घरं, कावळे हाकणं कोण थांबवणार? मी एकदा पडवीपाशी गेले आणि विचारलं, "तुले राग नाही आला?"

"आला ना. बहुत आला."

"मंग तिथं बोलली काऊन नाही? मी ओरडली तवा तू का नाही म्हटलं, हाव, माहाच हाय?"

तिने सुई खोळीत टोचून ठेवली. "तू बोलली त तुह्या बापानं तुले मारलं," ती म्हणाली. "मी बोलली असती त गावानं अब्बाले मारलं असतं. तुले घरी नेलं. आमाले कुठं नेलं असतं?" मग सुई पुन्हा उचलून म्हणाली, "पन तू लढली मस्त. दुसरा वार चुकला तुहा. उजवीकडून यायचं होतं."

त्यानंतर आम्हाला बोलायला मिळालं नाही. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं, अकोटला. चौदाचीही नसेल. ती निघाली त्या दिवशी मी शाळेतून मधल्या सुट्टीत उठले आणि कोणाला न विचारता यष्टीच्या थांब्यावर गेले. ती खिडकीत बसली होती, नव्या बुरख्यात, तोंड उघडं. गाडी सुरू होत होती.

"आठवीत गेली ना?" तिने विचारलं.

"गेली."

"आन घरचं काम?"

"तेबी करते."

"किती?"

"समदं."

तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. लग्नाचं दुःख, घर सोडायचं दुःख, ते सगळं बाजूला सारून ती संतापली. खिडकीच्या गजातून हात बाहेर काढून तिने माझं मनगट धरलं. "दोनी पुरे? हे त बेइमानी हाय, कमल! असं कोनी ठरवलं?" गाडी हलली. तिने मनगट सोडलं तेव्हा तिथे तिच्या नव्या मेंदीचा वास राहिला होता.

मी शाळेत परत गेले नाही, थांब्यावरच बसून राहिले आणि मग घरी आले. संध्याकाळ होत आली होती. भाऊ ओसरीवर पुस्तक घेऊन बसला होता. माय आतून म्हणाली, "कमले, भाकरी टाक वं, गिरनी बंद होतच असन." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, "आज भाऊ टाकील."

माय वळली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. काय दिसलं तिला कोण जाणे. तिने परातीत पीठ घेतलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि ओसरीकडे आवाज दिला, "वसंता, इकडं ये बाप्पा." भाऊ आला. आधी हसला, मग आमच्या दोघींच्या चेहऱ्यांकडे पाहून हसायचा थांबला आणि परातीपुढे बसला. त्याला भाकर थापता येत नव्हती. काठ फाटले, मध्ये जाड राहिली, तव्यावर टाकताना घडी पडली. त्याच्या बोटांना चटका बसला. मी भिंतीला टेकून पाहत राहिले, मदतीला गेले नाही.

बाबा आले, हात धुऊन पाटावर बसले. मायने ती भाकर त्यांच्या ताटात वाढली आणि सांगितलं, "वसंतानं केली." बाबांनी भाकरीकडे पाहिलं, भाऊकडे पाहिलं, आणि गालातल्या गालात हसले. म्हणाले, "वा बे पठ्ठ्या!" आणि ती कच्ची, जाड भाकर ठेच्यासोबत त्यांनी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. माझ्या हातच्या भाकरीला जरासा डाग पडला तरी ते ताट सरकवून उठत असत.